मुलांना घेऊन बेसबॉलला: साडेतीन इनिंग्जचा बेत

आमचा पहिला बेसबॉलचा सामना साडेतीन इनिंग्ज टिकला. म्हणजे सामना नऊ इनिंग्जचाच झाला, टिकलो नाही ते आम्ही. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची, मुलगा सातचा. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागची, खिशाला चांगलाच चटका देणारी चार तिकिटं काढली होती, कारण 'बघायचं तर नीट बघू' हा आमचा क्रिकेटमधला हिशोब. चौथ्या इनिंगच्या मध्यावर मुलगी दोन रांगांमधल्या चिकट फरशीवर आडवी पडली, मुलाचं 'अजून किती?' सुरू झालं आणि आम्ही गाशा गुंडाळून स्टेशन गाठलं. परतीच्या गाडीत नवरा आणि मी एका इनिंगला किती डॉलर पडले याचा भागाकार करत होतो.

पुढचा आठवडाभर मात्र मुलगी भेटेल त्याला त्या दिवसाचं वर्णन ऐकवत होती. त्यात बॅट नव्हती आणि बॉलही नव्हता. डोक्यावरून गेलेला सीगल होता, सीलचा वेष घालून नाचणारा कुणीतरी होता, म्हातारीचे केस होते आणि आगगाडी होती. तेव्हापासून आम्ही बेतच साडेतीन इनिंग्जचा आखतो. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, मग इनिंग्जनीच काय घोडं मारलंय? त्यापुढे जे पदरात पडेल तो नफा.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो, त्यामुळे खाली जे आहे ते मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ओरॅकल पार्कबद्दल आहे. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणाऱ्यांना मैदानाचं नाव बदलून बराचसा भाग तसाच वापरता येईल, फक्त तिकडे पावसाची भर घाला.

आधी छोटं मैदान

मुलं पाचच्या आतली असतील तर पहिल्याच फटक्यात मोठ्या मैदानावर जाऊ नका. अमेरिकेत मुख्य लीगच्या तीस संघांच्या खाली मायनर लीगची उतरंड आहे. तिथले खेळाडू कोवळे, तिकिटं स्वस्त, मैदानं आटोपशीर. आपल्या भागात सॅन होजे जायंट्स आहेत. त्यांचं मैदान १९४२ सालचं आहे आणि चार-पाच हजार माणसांत भरतं. गाडी लावून पाच-दहा मिनिटांत खुर्चीत बसता येतं. मूल रडायला लागलं तर तेवढ्याच वेळात परत गाडीत. दोन इनिंग्जच्या मधे मैदानात काहीतरी खुळचट स्पर्धा चालू असतात, मुलांना त्याच जास्त आवडतात. खेळाचा दर्जा? चार वर्षांच्या मुलाला तो कळत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फारसा कळला नाही.

दुसरी चाचणी फुकटातली. ओरॅकल पार्कच्या उजव्या मैदानाच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने कमानी ठेवल्या आहेत आणि त्यांच्या जाळीतून रस्त्यावरच्या माणसाला तिकिटाशिवाय सामना दिसतो. गर्दी असेल तर तीन इनिंग्जनंतर पुढच्यांना जागा करून द्यायची पद्धत आहे. मागे खाडीचा तुकडा, मकव्ही कोव्ह. होमरनचा, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा सीमेपार मारलेला चेंडू भिंतीवरून थेट पाण्यात पडला तर तो पकडायला तिथे माणसं कयाकमध्ये बसलेली असतात. आपलं मूल आवाज, गर्दी आणि उभं राहणं किती सहन करतं याचा अंदाज अर्ध्या तासात येतो आणि खिशाला चाटही बसत नाही.

कोणता दिवस, कोणती जागा

हंगाम मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. त्यामुळे 'याच शनिवारी जायला हवं' असं काही नसतं. तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे वरखाली होतात. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी सामना असला की ते आकाशाला भिडतात, कारण हे वैर दोन्ही संघ न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हापासूनचं आहे. मुलांसाठी तो सामना टाळा. गर्दी जास्त, आवाज जास्त, शिव्याही जास्त. आठवड्याच्या मधल्या दिवसातला, फारसं नाव नसलेल्या पाहुण्या संघाशी असलेला सामना घ्या.

वेळ दुपारचीच. एकच्या सुमाराला सुरू होणारा रविवारचा सामना आमच्या घराला मानवतो. रात्रीचा सामना पावणेसात-सातला सुरू होतो, म्हणजे साडेतीन इनिंग्जपर्यंत मुलांची झोपायची वेळ होते. दुपारी झोपणारं बाळ असेल तर गाडीतच झोपेल असं वेळापत्रक बसवा. एक दिलासा आहे: २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय. बेसवर (बॅटर पळत जातो त्या टप्प्यांवर) कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात झालीच पाहिजे. पूर्वी तीन तासांच्या वर रेंगाळणारे सामने आता साधारण अडीच तासांच्या थोडे पुढे संपतात.

जागेच्या बाबतीत आमची चूक दोनदा करू नका. मैदानाच्या जवळची जागा म्हणजे लहान मुलांसाठी चांगली जागा नव्हे. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, लेदर बॉलपेक्षा थोडाच हलका, आणि फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू स्टँडमध्ये गोळीसारखा येतो. २०१८ च्या हंगामापासून तीसही संघांनी संरक्षक जाळी निदान डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या टोकापर्यंत नेली आहे. पण जाळीच्या पलीकडच्या खालच्या रांगांत मांडीवर बाळ आणि हातात मोबाइल घेऊन बसणं मला अजिबात पटत नाही. तिकीट काढताना नकाशावर हे बघा:

– जाळीच्या मागची किंवा बरीच वरची, लांबची जागा.
– रांगेच्या टोकाच्या, जिन्यालगतच्या खुर्च्या. मधल्या खुर्च्या घेतल्यात तर दर वीस मिनिटांनी आठ अनोळखी माणसांना उठवावं लागेल.
– खालच्या स्टँडच्या शेवटच्या रांगा. वरच्या मजल्याचं छप्पर डोक्यावर येतं, ऊन लागत नाही, आणि मागे लगेच मोकळी वाट असते. तिथे कंटाळलेल्या मुलाला फिरवता येतं आणि सामनाही दिसतो.

बऱ्याच मैदानांवर दारू न पिणाऱ्यांसाठी वेगळा भागही असतो, चौकशी करा. किती वयापर्यंत तिकीट लागत नाही हे प्रत्येक संघाचं वेगळं असतं, तेही आधी बघून ठेवा. तिकिटं फोनवरच असतात. दाराशी पोचल्यावर हजारो माणसांच्या गर्दीत नेटवर्क मान टाकतं, तेव्हा घरूनच ती फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनवर त्याचं त्याचं तिकीट पाठवा. एकाच फोनवर चौघांची तिकिटं, आणि तो फोन घेऊन नवरा बाबागाडी आणायला गेलेला, हा प्रसंग आमच्याकडे घडून गेलाय.

आदल्या आठवड्यात: खेळ समजून घ्या, थोडासाच

मुलांना तीन शब्द पुरतात: स्ट्राइक, आउट, होमरन. घरामागे प्लास्टिकची बॅट घेऊन दोन संध्याकाळी खेळलात की झालं. खरा अभ्यास आपल्याला करावा लागतो, कारण मुलं विचारणार आपल्यालाच.

माझे बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा आम्ही त्यांनाही घेऊन गेलो. तरुणपणी ते क्लबच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायचे. त्यांचा पहिला प्रश्न: "स्टंप कुठायत?" दुसरा: "सगळे फुलटॉसच? मग आउट होतात कसे?" आणि तासाभराने: "एवढ्या वेळात पाचच रन?" या तीन प्रश्नांची उत्तरं आली की क्रिकेट कळणाऱ्या माणसाला बेसबॉल बऱ्यापैकी आला म्हणायचा.

स्टंप नाहीत, त्याऐवजी हवेतली एक अदृश्य खिडकी आहे: होम प्लेटच्या रुंदीची, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतची. चेंडू त्यातून गेला आणि बॅटर नुसता बघत राहिला तर स्ट्राइक. बॅट फिरवून चुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे आउट. खिडकीबाहेरचे चार चेंडू सोडले तर पहिल्या बेसपर्यंत फुकट चाल. दोन पांढऱ्या रेषांच्या बाहेर गेलेला फटका फाउल. दोन स्ट्राइक होईपर्यंत तो स्ट्राइक धरतात, मग कितीही मारा. फुलटॉस असूनही आउट का होतात, तर पिचर १८.४४ मीटरवरून, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षाही जवळून, ताशी दीडशे किलोमीटरने टाकतो आणि तो चेंडू हवेतच वळतो.

रन पाचच का? कारण नुसतं पहिल्या बेसला पोचून रन मिळत नाही. चारही बेसना पाय लावत पुन्हा घरी आलं तरच एक रन. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. फटका आत पडला की पळावंच लागतं, 'नाही, थांब' म्हणायची सोय नाही. चेंडू तुमच्या आधी पहिल्या बेसला पोचला की आउट. झेल म्हणजे आउट, ते आपल्यासारखंच. तीन आउट झाले की बाजू बदलते, दोन्ही बाजूंचं झालं की एक इनिंग, अशा नऊ. अनिर्णित प्रकार नाही. बरोबरी झाली तर जादा इनिंग्ज, पण तोवर तुम्ही घरी असाल.

सातच्या पुढचं मूल असेल तर स्कोअरकार्ड हा हुकमाचा पत्ता आहे. मैदानावर छापील मिळालं नाही तर घरून कागदावर चौकोन आखून न्या, सोबत दोन पेन्सिली. मैदानातल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (आपला विकेटकीपर) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर आउट झाला की चौकोनात लिहायचं ६-३. तीन स्ट्राइकवर गेला तर इंग्रजी के हे अक्षर, आणि बॅट न हलवता नुसता बघत गेला तर तेच अक्षर उलटं. माझा मुलगा त्या उलट्या अक्षरासाठी जीव टाकतो. आमच्या बाबांना ही लिपी दोन इनिंग्जमध्ये आली. त्यानंतर आजोबा-नातू खाली मान घालून लिहीत होते आणि मला पहिल्यांदाच सलग वीस मिनिटं मैदानाकडे बघता आलं.

पिशवी आणि डबा

पिशव्यांचे नियम मैदानागणिक वेगळे आणि दर हंगामात बदलणारे. अनेक ठिकाणी १६ बाय १६ बाय ८ इंचांची मर्यादा असते, आणि काही ठिकाणी अनेक कप्प्यांची पाठपिशवी परत पाठवतात. बाळाच्या डायपरच्या पिशवीला सहसा सवलत असते. आदल्या रात्री संघाच्या संकेतस्थळावरचं ते एक पान वाचा.

ओरॅकल पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, आणि मराठी घरासाठी ही मोठीच गोष्ट. काच आणि डबाबंद पेयं चालत नाहीत. पाण्याची बाटली प्लास्टिकची, सील न फोडलेली. स्टीलचा डबा सुरक्षा तपासणीत कशाला उघडून दाखवायचा, म्हणून मी सरळ झिपच्या पिशव्या वापरते. आमचा मेनू असा ठरून गेलाय: तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी, काकडीचे तुकडे, उभी चिरलेली द्राक्षं. चिवडा नेऊ नका. एकदा नेला होता. खालच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीत पोह्यांची रांगोळी झाली. तो हसला, पण त्याने टोपी दोनदा झटकली.

तिथलं काहीतरी घ्यायचंच, नाहीतर मुलांच्या लेखी सहल झालीच नाही. शाकाहारी असाल तर गार्लिक फ्राइज घ्या. लसणासाठी नावाजलेलं गिलरॉय इथून फार लांब नाही आणि या मैदानाचा तो खास पदार्थ आहे. लसूण भरपूर, तोंडाला वास दुसऱ्या दिवसापर्यंत. प्रेट्झेल, पॉपकॉर्न, आइस्क्रीमही मिळतं. साधा हॉट डॉग बहुतेक वेळा गोमांसाचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी काउंटरवर विचारूनच घ्यावं, भाज्यांचाही मिळतो. खारे दाणे हा बेसबॉलचा पारंपरिक खाऊ, टरफलं पायाखाली टाकायची रीत. चार वर्षांच्या आतल्या मुलांना दाणे देऊ नका, घशात अडकतात. मुलाला दाण्याची ॲलर्जी असेल तर तिकीट काढायच्या आधीच संघाला विचारा. काही संघ ठरावीक सामन्यांना दाणेमुक्त भाग ठेवतात. पैसे कार्डानेच द्यावे लागतात, नोटा चालतील असं धरून जाऊ नका. आणि मुलांशी करार घरूनच करा. आमचा: प्रत्येकी एक खाण्याची वस्तू, खेळण्याची शून्य. फोमचा भलामोठा हात हे खेळणंच आहे, यावर वाद घालू देऊ नका.

कपड्यांबद्दल मी जरा जोर देऊन सांगते. सनीवेलला तीस अंश असताना खाडीच्या काठावर बोचरा वारा असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर धुकं उतरतं. उन्हासाठी टोपी आणि सनस्क्रीन, आणि त्याच पिशवीत प्रत्येकाचं जाकीट. बाबांनी त्या दिवशी सांगलीहून आणलेली लोकरी कानटोपी खिशात ठेवली होती. जुलै महिन्यात! आम्ही हसलो. सावली आल्यावर ती कानटोपी आधी मुलीच्या आणि मग माझ्या डोक्यावर होती.

उरलेली यादी चटकन: ओले पुसणे, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, पॉवर बँक, आणि आवाज दाबणारे कानाचे हेडफोन. जायंट्सनी होमरन मारला की ओरॅकल पार्कमध्ये जहाजाचा भोंगा वाजतो. कुणी सांगितलं नसेल तर मोठी माणसंही दचकतात, मूल तर किंकाळी फोडतं. आम्ही घरी भोंग्याचा आवाज काढायचा सराव केला. आता मुलगी त्याची वाट बघते.

जाणं: गाडी नको, आगगाडी

मैदानाजवळ गाडी लावायला तिकिटाएवढे पैसे जातात आणि निघताना तासभर हलत नाही. कॅलट्रेन या इथल्या लोकल गाडीचं सॅन फ्रान्सिस्कोचं शेवटचं स्टेशन, फोर्थ अँड किंग, मैदानापासून पाच-सात मिनिटं चालत. सनीवेलहून तासाभराचा प्रवास. सप्टेंबर २०२४ पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात, त्या झटपट आणि शांत आहेत. स्वच्छतागृह मात्र गाडीच्या एकाच डब्यात असतं, तेव्हा चढताना तोच डबा शोधा. चार वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. सामन्याच्या दिवशी जायंट्सच्या केशरी-काळ्या शर्टांनी डबा भरलेला असतो आणि सहलीची मजा तिथूनच सुरू होते. वरच्या मजल्याची खिडकी मिळाली तर आमची अर्धी वसुली तिथेच होते.

बाबागाडी नेलीत तर घडी होणारी न्या. खुर्चीखाली बसली नाही तर चौकशी कक्षात जमा करून टोकन घेता येतं.

आत गेल्यावर: सामन्याआधीचा तास

दारं उघडल्यावर लगेच आत जाण्याचा फायदा म्हणजे रांगा नसतात. प्रवेशद्वारापाशी जायंट्सचे थोर खेळाडू विली मेझ यांचा पुतळा आहे, भोवती चोवीस ताडांसारखी झाडं, कारण त्यांच्या शर्टाचा क्रमांक २४. जून २०२४ मध्ये ते ९३ व्या वर्षी गेले. घरचा फोटो इथेच काढा, आणि तोच फोटो मूल हरवलं तर दाखवायला कामी येतो: आजच्या कपड्यांत, स्पष्ट चेहऱ्याचा.

आत शिरल्यावर पहिलं काम चौकशी कक्ष. तिथे मुलांच्या मनगटावर लावायला पट्टी मिळते, तीवर आपला फोन नंबर आणि खुर्चीचा क्रमांक लिहायचा. पट्टी संपली असेल तर पेनाने सरळ हातावर. 'आयुष्यातला पहिला सामना' असं प्रमाणपत्रही बहुतेक मैदानांवर मागितलं की देतात, फुकट. मुलांना अशर, म्हणजे जागा दाखवणारे कर्मचारी, दाखवून ठेवा: "हरवलात तर असे कपडे घातलेल्या माणसाकडे जायचं." भेटायची एक जागाही ठरवा. आमची ठरलेली जागा म्हणजे डाव्या मैदानामागचा अवाढव्य हातमोजा, तो कुठूनही दिसतो.

त्या हातमोज्याशेजारी ऐंशी फूट लांबीची तिरपी बाटली आहे आणि तिच्या पोटात घसरगुंड्या. उंचीची अट असते, आणि त्या दिवशी ती उघडी आहे ना हे मुलांना सांगण्यापूर्वी विचारा. सामना सुरू झाल्यावर तिथली रांग वाढते, म्हणून आधीच उरकून घ्या. मध्य मैदानामागे २०१४ पासून एक खरीखुरी बाग आहे, भाज्या आणि फळं लावलेली. मुलीला तिथे टोमॅटो सापडला की ती सामना विसरते, आणि चौथ्या इनिंगच्या संकटासाठी मी ही बाग राखून ठेवते.

सुरुवातीला राष्ट्रगीत होतं. उभं राहायचं, टोपी काढायची. मुलांना आधी सांगितलं की ती इतकी ताठ उभी राहतात की आजूबाजूची माणसं त्यांच्याकडेच बघतात.

खुर्चीतल्या साडेतीन इनिंग्ज

शूला कधी न्यायचं हे कळणं हीच निम्मी लढाई. इनिंगच्या मधे सगळं मैदान उठतं, तेव्हा जाऊ नका. खेळ चालू असताना जा. फक्त परतताना अशर जिन्याच्या तोंडाशी थांबवतात. एका बॅटरचा डाव संपेपर्यंत खाली सोडत नाहीत, मागच्यांना दिसावं म्हणून. ते दोन मिनिटांचं थांबणं हिशोबात धरा आणि 'आत्ताच्या आत्ता' होण्याआधी उठा.

पहिली इनिंग नवलाईत जाते. दुसरीत मी खाऊ काढते. तिसरीत शोधाशोधीचा खेळ: कागदावर दहा चित्रं काढून न्यायची, सीगल, कयाक, मिशीवाला माणूस, आपल्या संघाची टोपी घातलेलं बाळ, लू सील नावाचा शुभंकर (सीलच्या वेषातला तो नाचणारा). सापडलं की फुली. तीन वर्षांच्या मुलाला फलकावरचे स्ट्राइक बोटांवर मोजायला लावा. माणसांची लाट उठली की सगळे उभे राहा, यात कौशल्य लागत नाही आणि आनंद भरपूर. फाउल चेंडू आपल्याकडे आलाच तर मुलाला पोटाशी धरून पाठ वळवा, झेल घ्यायचा मोह आवरा. फटक्याचा आवाज आला की मान वर, फोन खाली, एवढा एक नियम मोठ्यांनी पाळायचा.

चौथ्या इनिंगला दोन्ही मुलं शांत असतील तर नशिबाचा आभारी राहून बसा. नसतील तर एकाने चक्कर मारायला न्यायचं, दुसऱ्याने बसायचं, पुढच्या इनिंगला अदलाबदल. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उठून १९०८ सालचं एक गाणं म्हणतं, त्यात दाण्यांचाही उल्लेख आहे. मुलांना ते फार आवडतं. पण त्यासाठी रडणाऱ्या मुलाला तीन इनिंग्ज धरून ठेवणं हा सौदा वाईट आहे. गाणं घरीही म्हणता येतं. शेवटच्या इनिंग्जना सीगल झुंडीने उतरू लागतात. त्यांना मैदान रिकामं व्हायची वेळ कशी कळते कोण जाणे.

उलटा बेत

काही रविवारी सामना संपल्यावर लहान मुलांना खऱ्या मैदानात उतरून चारही बेसना पळत फेरी मारू देतात. मायनर लीगमध्ये हे वरचेवर असतं. त्या मातीवर पळायला मिळणं म्हणजे मुलांसाठी सगळ्यात मोठं बक्षीस, पण ते शेवटी ठेवलेलं असतं आणि आपली मुलं तर चौथ्या इनिंगला ढेपाळलेली. यावर आमचा तोडगा साधा आहे. त्या दिवशी उशिरा जा. दुपारची झोप होऊ द्या, घरी जेवा, आणि पाचव्या इनिंगच्या सुमारास आत शिरा. उरल्या चार इनिंग्ज, त्यातली अर्धी खाण्यात. तिकिटाचे पैसे वाया गेले असं वाटणाऱ्या नवऱ्याला मुलीने होम प्लेटवर मारलेली उडी दाखवा. फेरीची रांग सामना संपायच्या आधीच लागते, कुठे लागते ते आत शिरल्या शिरल्या विचारून घ्या. बंद बूट घाला, सँडलवर सोडत नाहीत असंही होतं.

एरवी निघायची वेळ इनिंग संपल्यावर. बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत, म्हणून फाटकापाशी पिशव्या, टोप्या, मुलं असं सगळं मोजून घ्या. सामना संपेपर्यंत थांबलात तर शेवटच्या आउटनंतर लगेच धावू नका. स्टेशनवर एकदम हजारो माणसं येतात. वीस मिनिटं खुर्चीतच बसा, उरलेल्या पुऱ्या संपवा, मग हळूहळू चला. पूर्वेकडच्या राज्यांत पाऊस आला तर सामना तासभर थांबू शकतो. मुलं बरोबर असताना त्याची वाट बघू नका.

बाबा आता सांगलीला आहेत. आम्ही रविवारी एकच्या सामन्याला जातो तेव्हा त्यांच्याकडे सोमवारच्या पहाटेचे दीड वाजलेले असतात. सकाळी चहाबरोबर त्यांना नातवाच्या स्कोअरकार्डचा फोटो हवा असतो. पहिल्यांदा पाठवला तेव्हा उलट विचारणा आली: चौथ्या इनिंगनंतरचे रकाने कोरे का? तेव्हापासून मुलगा रात्री जेवताना फोनवरचा धावफलक उघडून बसतो, ते रकाने भरतो, आणि मगच फोटो जातो.